अर्धा कोयता, आठ आणे

त्या वर्षी आमच्या गावातल्या हातपंपाचा आवाज बदलला होता. पाणी असताना तो घशातल्या घशात गुरगुरायचा. आता नुसता कोरडा खडखडायचा, तरी बाया जाता-येता एकदा दांडा मारून बघायच्याच. पिठाची गिरणीही रोज चालायची नाही. दळायलाच काही नसेल तर गिरणीवाला इंजिन कुणासाठी लावणार? घरात ज्वारीच्या कण्या शिजायच्या. कण्यांवर ताक हवं, पण म्हैस चाऱ्यावाचून मामाच्या गावी पाठवली होती, म्हणून कण्यांवर येसरची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. ती माय इतकी पातळ करायची की ताटात आपलं तोंड दिसावं. ही तक्रार नाही. आता माझ्या घरी डब्यात येसर असतं, बीडच्या बाजारातून आणलेलं, चांगल्या दुकानाचं. तेल-खोबरं हात सैल सोडून घालते. तो वास येत नाही. येणार नाही हे मला कळतं, तरी डबा उघडला की एकदा नाक खाली जातंच.

आम्ही चौघं होतो. आबा, माय, अक्का आणि मी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण भामा. ती दिंद्रुडच्या हायस्कुलात चालत जायची, मी गावातल्या शाळेत चौथीला होते. आबा आणि माय दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, पश्चिमेकडच्या एका सहकारी कारखान्यावर, आणि उन्हाळा तापायला लागला की परत यायचे. तेवढे महिने आम्ही दोघी बहिणी गावातच, शेजारच्या चुलतीच्या नजरेखाली. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळीच्या यादीत नाव एकच, नवऱ्याचं. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने गोळा करून मोळी बांधायची. ट्रक दोघांनी मिळून भरायचा, पण त्यातलाही मोठा वाटा बाईच्याच डोक्यावर. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. आमच्याकडे लहान पोरालाही हे पाढ्यांच्या आधी कळायचं.

त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, माय विहिरीत उतरताना पाय घसरून पडली. विहीर तळाला गेलेली, शेवटच्या पायऱ्या नुसत्या शेवाळाच्या खुणेच्या. उजवा हात मनगटातून मोडला. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि सांगितलं, जोर लावायचा नाही. माय डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली. त्या भाकरी कधीच गोल झाल्या नाहीत.

पाणी भरायचं काम अर्थातच अक्काकडे आणि माझ्याकडे आलं. टँकर सोसायटीच्या ओट्यासमोर थांबायचा. पाटीवर तिचं ‘विविध कार्यकारी सहकारी’ असं लांबलचक नाव होतं, पण गावाला सोसायटी एवढंच पुरायचं. गोदाम रिकामं, आत घुशी; बाहेर मात्र तिची सावली मोठी होती. त्या सावलीत घागरी रांगेत लावायच्या आणि घागरींशेजारी बसून राहायचं. टँकर कधी येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. त्या बसण्यात अक्का माझी स्कॉलरशिपची तयारी घ्यायची.

मला सगळी गणितं यायची, नाण्यांची सोडून. “एका डब्यात रुपयाची व आठ आण्याची मिळून बारा नाणी आहेत. एकूण रक्कम आठ रुपये. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?” मी अंदाज मारायची. पाच आणि सात? नाही. तीन आणि नऊ? नाही. चुकलं की दुसरा अंदाज.

“अंदाज कावून मारतीस?” अक्का म्हणाली. “ही काय लॉटरी हाय?”

“मग काय करू? मला काय डब्यात दिसतंय?”

“डब्यात न्हाई दिसत तर डोक्यात धर. कोयता म्हाईत हाय ना तुला? रुपाया म्हंजे पुरा कोयता. आठाणे म्हंजे अर्धा. आता बाराच्या बारा अर्धेच हायेत असं समज.”

“पर तसं न्हाई ना.”

“न्हाईच. आपण खोटं धरायचं, आन् किती खोटं हाय ते मोजायचं.”

तिने ओट्याखालून बारा खडे वेचून रांगेत मांडले. सगळे आठाणे धरले तर सहा रुपये. हवेत आठ. दोन रुपये कमी. आता एक अर्धा काढून त्या जागी पुरा ठेवला की आठाणे वाढतात. दोन रुपये वाढवायला असं किती वेळा करावं लागेल? चार वेळा. म्हणजे चार पुरे, आठ अर्धे. तिने चार खड्यांवर एकेक खडा चढवला. मी बघतच राहिले. अंदाज कुठे मारावाच लागला नाही. जे नाही ते धरून चालायचं आणि जे आहे तिथे पोचायचं. मी पंचवीसहून जास्त वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते आहे. आजच्या पोरांनी आठाणे पाहिलेलेही नाहीत, पण मी फळ्यावर पहिला शब्द ‘समजा’ असाच लिहिते. प्रशिक्षणात या रीतीला एक भारदस्त नाव सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही.

दसऱ्याच्या आधी रंगनाथ मुकादम आमच्या दारात आला. टोळी जमवायची, माणसं ट्रकमध्ये घालायची, कारखान्यावर उतरवायची हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे वाईट असायला वेळ नव्हता. लिंबाखाली घोंगडीवर बसला, कोरा चहा बशीत ओतून प्यायला लागला आणि मायच्या हाताकडे बघून म्हणाला, “ज्ञानबा, तुझा तर यंदा अर्धाच कोयता झाला.”

आबा काडीने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

“अर्ध्याचा काय उपेग न्हाई बघ. एकटा माणूस म्हंजे कारखान्यावरची अर्धी खोप रिकामी, आन् ट्रक भरायला अर्धा दिस जास्त. पोरगी हाय की थोरली. घे संगं. पुरा कोयता लिवतो.”

“ती शाळंत हाय,” माय आतून म्हणाली.

“शाळा काय पळून चाललीय का वैनी? गावातच र्‍हाती ती.”

शाळा पळून जात नाही हे खरं, पण पोरगी हंगामाहून परत आली की शाळेत परत जात नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गल्लीत अक्काच्या वयाची शाळेत जाणारी दुसरी मुलगी उरली नव्हती. मी अक्काकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. टँकरच्या रांगेत हलायचे तसे.

“मुकादमकाका,” ती म्हणाली, “यंदा तुमच्याकडं किती नावं झाली?”

“सोळा. ज्ञानबाला धरून.”

“आन् माणसं?”

“सत्तावीस. कावून गं?”

“म्हंजे तुमच्याकडं पाच अर्धे कोयते हायेत.”

मुकादमाची बशी तोंडापाशीच थांबली. तो बोटांवर काहीतरी घोळवू लागला. मला गणित समजलं होतं आणि सांगितल्यावाचून राहवेना. “सोळाच्या सोळा पुरे धरले तर बत्तीस माणसं,” मी ओरडले. “पाच कमी पडत्यात!”

“तू गप गं चिमणे,” मुकादम म्हणाला, पण हसत. “हाय, पाचच हायेत. मंग?”

“मंग आबांच्या अर्ध्यात दुसरा अर्धा घाला. आठाणे आन् आठाणे रुपाया. लहूकाका हायेत की एकटे. मला कशाला न्यायचं?”

लहूकाका म्हणजे वेशीजवळचा लहू. त्याची बायको मागच्या वर्षी वारली होती. मुकादम मोठ्याने हसला. इतका, की लिंबावरचे कावळे उठले.

“पोरी, आठाणे-आठाणे रुपाया व्हतो. दोन गडी म्हंजे कोयता न्हाई व्हत. दोघं बी तोडत बसले तर मोळी कोण बांधंल? तुझा आबा?”

 नाणी एकमेकांना तू काय करणार असं विचारत नाहीत. आठ आण्याच्या नाण्याला कोणतंही आठ आण्याचं नाणं चालतं. कोयत्याच्या आत काय असतं हे अक्काने धरलंच नव्हतं. मुकादम उठला, घोंगडी झटकली आणि बाजारच्या दिवशी काय ते सांग म्हणून गेला. त्या संध्याकाळी अक्काने तिचं दप्तर खुंटीवरून काढून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि वर गोधडी ठेवली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाजारच्या दिवशी आबा मुकादमाकडे जायच्या आधी लहूच्या दारात गेले. मला त्यांनी सोबत का नेलं माहीत नाही. बहुधा नेलं नव्हतंच, मी मागे लागले होते. लहू उंबऱ्यात बसून कोयत्याला दांडा ठोकत होता.

“ज्ञानबादादा, मोळी कोण बांधणार?” सगळं ऐकून त्याने विचारलं.

“मी.”

“आन् वाहणार?”

“मीच. तू तोड.”

“लोकं हासतील.”

“हासू दे. हासल्यानं मोळी जड व्हत न्हाई.”

लोक हसलेच. गिरणीच्या ओट्यावर बसलेल्यांपैकी आबांच्याच वयाचा एकजण ओरडला, “काय बे ज्ञानबा, लुगडं घेतलं का न्हाई मोळ्या बांधाया?”

“घ्याया गेलतो,” आबा न थांबता म्हणाले, “सोसायटीत कंट्रोलचं सस्तं कापड संपलंय.”

आबा विनोदी माणूस नव्हते. ते एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून तसलं ऐकलं, आणि तेही पाठ फिरवून, मान खाली घालून. माझ्या हातात त्यांचं बोट होतं. ते घट्ट झालं होतं.

आबा आणि लहू मिळून मुकादमाने एक पुरा कोयता लिहिला, आणि अक्काने दप्तर पेटीतून काढलं. ट्रक आला तेव्हा मायने डाव्या हाताने एकेक वस्तू पोत्यात घातली: पीठ, ठेचा, येसरची पुरचुंडी, पातेलं. शेवटी तवा घातला. तवा घालताना तिने आधी आबांकडे पाहिलं, मग लहूकडे.

मग आबा गेले. ते दरवर्षी जायचे. पण दरवर्षी दोघं जायचे, तेव्हा घर सगळंच रिकामं व्हायचं आणि आम्ही चुलतीच्या अंगणात पडीक असायचो. या वेळी माय घरात होती, म्हणून आबांचं नसणंही घरात होतं. ते आत येण्याआधी उंबऱ्यापाशी खाकरायचे, सुनेच्या घरी आलेल्या सासऱ्यासारखे. ते खाकरणं नसल्याने संध्याकाळ संपायचीच नाही. माय चुलीपुढे बसून दाराकडे कान लावायची, आणि आपण तसं करतोय हे लक्षात आलं की उगाच लाकूड पुढे सारायची. तिलाही कधी असं मागे राहायची सवय नव्हती. वर्षानुवर्षं ती दुसऱ्या बाजूला असायची, जाणाऱ्यांच्या.

खबर यायला काही मार्ग नव्हता. टोळीतला एकजण आजारी पडून मध्येच परत आला. त्याला विचारलं तर म्हणाला, “बरं चाललंय ज्ञानबाचं,” आणि हसला. तो हसला कशाला हे त्याला कोणी विचारलं नाही. त्या दिवसापासून टँकरच्या रांगेत अक्काने मला गणितं घालणं बंद केलं. मी खडे मांडून दिले तर ते पायाने सारले.

“अक्का, घाल की एक.”

“येतंय आता तुला समदं.”

“तरी घाल.”

“सुमे, माझ्यामुळं गेलेत आबा डोक्यावर मोळ्या घ्याया. गप बस.”

मी खडे वेचून परत ओट्याखाली ठेवले. आम्ही दोघी घागरींच्या रांगेकडे बघत राहिलो. मला वाटतं आयुष्यात मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त ओढ लागली असेल ती त्या वेळी: आबा परत यावेत एवढीच नाही, तर आबा परत यावेत आणि अक्काने पुन्हा मला “अंदाज कावून मारतीस?” म्हणून झापावं. अक्का पुढे शिकली, नर्स झाली, आता लातूरला असते, गुडघ्यांनी बेजार आहे. आठवड्याला फोन होतो. बोलतो ते गोळ्या, सुना आणि पाण्याची टाकी यांबद्दल. फोनवर तिला नाण्याचं गणित कसं घाल म्हणायचं?

स्कॉलरशिपच्या परीक्षेत नाण्यांचं गणित आलं. मी सोडवलं. ती गोष्ट एवढीच आहे.

आबा आले तेव्हा शिमगा होऊन गेला होता. भरदुपारी, ऊन डोळ्यात घुसत असताना, उंबऱ्यापाशी खाकरणं ऐकू आलं. मी धावले. ते वाळले होते, काळे पडले होते, आणि मान थोडी पुढे काढून चालत होते, जणू अजून डोक्यावर काहीतरी तोलताहेत. मायच्या कामट्या निघून बरेच दिवस झाले होते. तिने पाणी दिलं, आणि लगेच भाकरी थापायला बसली. पुन्हा उजव्या हाताने, गोल. आबा चुलीसमोर बसले आणि जेवत राहिले. मी इतकं जेवताना कुणाला पाहिलेलं नव्हतं. अक्का भिंतीशी उभी होती. ती त्यांच्या मानेकडे बघत होती.

“भामे,” आबा शेवटी म्हणाले, “तुझ्या हिशोबात एक चुकलं व्हतं.”

“म्हाईत हाय आबा,” अक्का म्हणाली. “मोळीचं.”

“मोळीचं न्हाई. मोळी काय, जमली आठ-पंधरा दिसांत. बायांनी शिकवली. दुसरंच.” त्यांनी बोटाने ताटातली आमटी पुसली. “फडावरनं आलो की आमी दोघं बी खोपीत बसून र्‍हायचो. एकमेकाकडं बघत. पाणी न्हाई, सरपण न्हाई, भाकर न्हाई. लहू म्हणायचा तू कर, मी म्हणायचो तू कर. कच्चं पीठ पाण्यात कालवून खाल्लंय. तू गड्याचे आठाणे धरले, बाईचे आठाणे धरले. तिथंच चुकली. तुझी माय बारा आणे हाय. मी चार.”

माय तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचा हात थांबला नाही.

“मंग मी आन् लहू मिळून किती?” आबा म्हणाले. “आठाणेच भरलो. पुरा कोयता झालोच न्हाई.”

अक्का हसली, रडली, जे काय केलं ते केलं. मी लगेच मनात मांडणी करू लागले, चार आणि चार, बारा आणि चार. माय म्हणाली, “बारा आणे म्हंता. मंग इतकी वर्सं माझे वरचे चार आणे कुठं लिवले व्हते?”

 आबांनी आणखी एक भाकरी मागितली.

पुढच्या दसऱ्याला माय पुन्हा त्यांच्यासोबत निघाली. अक्काची शाळा चालू होती, माझीही. आम्ही दोघी वेशीपर्यंत पोचवायला गेलो. ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी मुकादम उभा राहून नावं पुकारत होता आणि पुकारलेले वर चढत होते. “ज्ञानबा, एक कोयता,” तो म्हणाला.

आबा चढले नाहीत. “दोघांची नावं घे,” म्हणाले.

“आता हे काय नवीन? एकाच नावावर असतंय की.”

“असतंय. तू घे.”

मागे माणसं खोळंबली होती. कोणीतरी हसलं. मुकादमाने कपाळाला हात लावला, मग आबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्या वेशीला ऐकू जाईल असं ओरडला, “ज्ञानबा! आन् गयाबाई!”

आबा चढले आणि त्यांनी वरून हात खाली दिला. माय गाठोडं घेऊन तशीच उभी राहिली, मागे वळून बघत. आपल्यालाच बोलावलंय हे तिला कळलं नव्हतं.